उंदराने औषध एकदा चाखलं, आता त्या पानाकडे फिरकत नाही

कुटारवाला | शुक्रवार, रात्री १०.१२

राम राम मंडळी. धागा उंदरांवर आहे, पण शेवटी माझ्याच जिभेवर येतो. तेवढं सांभाळून घ्या.

गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. यंदा भाव पडला म्हणून सोयाबीन विकलं नाही, २७ कट्टे मधल्या खोलीत थप्पी मारून ठेवले. महिन्याभरात उंदीर लागले. कट्ट्याला खालून भोक, जमिनीवर टरफलं, रात्रभर टिनावर घोडदौड. कृषी केंद्रातून झिंक फॉस्फाईडची काळी पूड आणली, ज्वारीच्या भरड्यात तेल घालून कालवली आणि पळसाच्या पानावर ठेवली. आई म्हणाली, "औषध आणलं असं घरात मोठ्यानं बोलू नको, मामाले ऐकू येते."

पहिल्या सकाळी दोन मेलेले सापडले. दुसऱ्या सकाळी आमिष जसंच्या तसं. तिसऱ्याही.

चौथ्या रात्री मोबाईलच्या टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला आणि खाटेवर बसून राहिलो. बारा-साडेबाराला एक आला. डावा कान फाटलेला. पानापासून बोटभर अंतरावर थांबला. मिशा थरथरल्या, पुढचा एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. मग पाय मागे ठेवून पानाला वळसा घातला, कट्ट्यातून एक दाणा ओढला, बुडावर बसला, दाणा दोन्ही हातांत फिरवत त्याचं साल काढलं आणि खाल्ला. आमिषापासून वीतभर अंतरावर! वर माझ्याकडे बघत.

आता माझं. मी १४ वर्षांचा असताना वरूडला मावसबहिणीच्या लग्नात पहिल्यांदा सांबारवडी खाल्ली. (बाहेरच्या मंडळींसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) सहा-सात हाणल्या. त्याच रात्री हुडहुडी भरून ताप चढला, ओकाऱ्या झाल्या. रक्त तपासलं तर मलेरिया. म्हणजे केलं डासाने, वडीचा काडीचा संबंध नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी आज २२ वर्षं झाली, त्या तळणाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. भुकेचं नाही, ओकारीच्या आधी सुटतं ते. बरं, त्याच पंगतीत मी वरण-पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदीही खाल्ली होती. त्यांच्याशी माझं काही वैर नाही. मग वडीवरच आळ का? आणि त्या फाटक्या कानाच्या उंदराच्या डोक्यात जे झालं, तेच माझ्या डोक्यात झालं का?

---

बुढ्याचा_नातू | शुक्रवार, रात्री १०.४०

काय सांगू राजेहो, मामाले कान असते हे तं खरंच आहे. आमच्या बुढ्यानं एक डाव चावडीवर सांगून औषध आनलं, एकबी मेला नाई. मेलेला उंदीर मरता मरता बाकीच्यायले सांगून जाते, असं बुढा म्हने. तू सांबारवडी खाऊन मेला नाई म्हनून बरं, नाईतं तूबी आमाले सांगून गेला असता 😄

---

रानवेल | शुक्रवार, रात्री ११.५५

वर्ध्याकडे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेपर तपासायचे सोडून हे लिहीत बसले आहे, तेव्हा लांबलं तर दोष कुटारवाला यांचा.

होय, तुमच्या आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट झाली. अमेरिकेत जॉन गार्सिया नावाचे शास्त्रज्ञ किरणोत्साराचा उंदरांवर काय परिणाम होतो ते बघत होते. सॅकरीनचं गोड पाणी पिताना ज्या उंदरांवर गॅमा किरण पडले, ते पुढे गोड पाण्याला तोंड लावेनात. हे १९५५ मध्ये छापून आलं. किरणांनी मळमळ झाली होती, उंदराने तिचा आळ चवीवर घेतला.

पण खरी गंमत १९६६ ची. गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांना असं पाणी दिलं की जीभ लावताच गोड लागे आणि सोबत दिवा लागून टिकटिक आवाजही होई. काहींना त्यानंतर मळमळ करवली, काहींना पायाला विजेचा झटका दिला. मळमळलेल्यांनी गोड चव सोडली, दिवा-आवाजाचं त्यांना काही वाटलं नाही. झटका बसलेल्यांनी दिवा-आवाज असलेलं पाणी सोडलं, गोड मात्र मजेत पीत राहिले. म्हणजे पोट बिघडलं की मेंदू थेट जिभेची वही उघडतो, डोळ्या-कानांची उघडतच नाही. आणि तीही काही तास मागची पानं उलटून. त्या काळी शिकणं म्हणजे घटना आणि शिक्षा यांत काही सेकंदांचंच अंतर हवं असं मानत, त्यामुळे गार्सियांचे निबंध परत येत. घड्याळातल्या कोकिळेने विष्ठा टाकावी तितकंच हे शक्य आहे, असा शेराही त्यांच्या कामावर मारला गेला होता.

वडीवरच आळ का? कारण ती नवी होती. वरण-पोळी तुम्ही १४ वर्षं खात होतात, तिचा जामीन केव्हाच झाला होता. मेंदू नव्या चवीला आधी पकडतो. आणि कारण मलेरिया आहे हे माहीत असून फरक पडत नाही, कारण हा हिशेब जिथे होतो तिथे तुमच्या माहितीला प्रवेश नाही. मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांचंही असंच झालं होतं. एका सॉसनंतर ओकाऱ्या झाल्या, पोटाचा संसर्ग आहे हे कळलं, तरी तो सॉस सुटला तो सुटलाच.

आता मामा. उंदराला ओकता येत नाही. गिळलं ते गिळलं. म्हणून तो अनोळखी खाणं आधी चिमूटभर चाखतो आणि वाट बघतो. झिंक फॉस्फाईडचा जठरातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फीन वायू सुटतो, थोड्याच तासांत त्रास होतो. भरपूर खाल्लं ते दोन मेले. ज्याने कमी खाल्लं, तो फाटक्या कानाचा, पोट धरून बिळात बसला असेल आणि वाचला. त्या पुडीला लसणासारखा वास असतो, तो आता त्याच्या कायमचा लक्षात आहे. म्हणूनच आधी दोन-तीन रात्री नुसता भरडा ठेवा, औषध नंतर मिसळा असं कृषीवाले सांगतात. तुम्ही ती पायरी गाळलीत ना?

आणि बुढ्याचा_नातू, आजोबा अर्धे बरोबर होते. उंदीर एकमेकांना सांगतात, पण नेमकं उलटं सांगतात! बेनेट गेलफ यांनी १९८३ च्या सुमारास दाखवलं की एका उंदराच्या तोंडाला ज्या खाण्याचा वास येतो, ते खाणं दुसरा उंदीर मग पसंत करतो. श्वासातला कार्बन डायसल्फाईड आणि खाण्याचा वास एकत्र आला की "हे कोणीतरी खाल्लंय" अशी पावती मिळते. सांगणारा आजारी असला तरी ऐकणारा ते खाणं टाळत नाही. "खाऊ नका" असा निरोप त्यांच्या टपालात नाहीच.

---

मुळामुठा | शनिवार, सकाळी ८.०५

वाखूसा (वाचनखूण साठवली). मस्त धागा. पण एक शंका : गोड जिभेच्या शेंड्यावर, कडू मागे, आंबट बाजूला असं शाळेत शिकलोय. मग हा सगळा निर्णय जिभेवरच होत असणार ना? कडू लागलं की थुंकायचं, गोड लागलं की गिळायचं. मेंदूला एवढं कामाला लावायची गरज काय?

---

रानवेल | शनिवार, दुपारी १.२०

तो नकाशा मुलं अजून परीक्षेत काढतात आणि मी अजून गुण कापते. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेला संवेदनशीलतेत बारीक फरक नोंदवले. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात त्याचा आलेख असा आला की लोकांना वाटलं बाकी जागी ती चव कळतच नाही. प्रयोग घरचा आहे : मिठाचा खडा जिभेच्या कुठल्याही कडेला ठेवून बघा.

जीभ फक्त हजेरी घेते. तिच्या पेशी दहा-बारा दिवसांत झडून नव्या येतात, त्यांच्या भरवशावर २२ वर्षांचं वैर टिकेल का? जिभेकडून आणि घशाकडून तीन मज्जातंतूंनी निरोप निघतो, मानेच्या वर मेंदूच्या देठात पोचतो, तिथून थॅलॅमस हा मेंदूच्या मधला थांबा आणि मग इन्सुला, म्हणजे कानशिलाच्या आत मेंदूच्या घडीत दडलेला भाग. "गोड आहे", "कडू आहे" हे इथे कळतं.

"हवंय की नको" हे मात्र पुढे ठरतं. चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये हे उंदरांत वेगळं करून दाखवलं. इन्सुलातला गोडाचा भाग प्रकाशाने चेतवला की उंदीर साधं पाणी गोड असल्यासारखं चाटत. तिथून तारा अमिग्डालात जातात, बदामाएवढा भाग आहे. अमिग्डाला गप्प केला तर उंदराला गोड-कडू ओळखता येत होतं, पण ओढ नाही आणि किळसही नाही. तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा तसं. शेत कोणाचं ते कळलं, पण पोटात काही हललं नाही.

थुंकणं-गिळणं मात्र खालच्या मजल्यावरही होतं, तेवढं तुमचं बरोबर. नवजात बाळाला साखरेचा थेंब दिला तर ओठ चाटतं, कडू दिलं तर तोंड वासतं. माझ्या मुलीला सासूबाईंनी बाळकडू चाटवलं तेव्हा तिने जे तोंड केलं ते अजून डोळ्यासमोर आहे. (आशाताईंनी नंतर आम्हा दोघींना झापलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही.)

---

गोठ्यातला_डॉक्टर | शनिवार, रात्री ९.३०

यवतमाळ जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे. आधी धंद्याची सूचना : ब्रोमाडिओलोन वापरणार असाल तर मेलेले उंदीर उचलून पुरा. ते रक्त गोठू देत नाही, उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. इतक्या उशिरा मरतो म्हणूनच त्याच्या मेंदूला आमिषाशी नातं जोडता येत नाही. पण तो उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधतं. कुत्र्याने आमिषच खाल्लं तर थांबू नका, जीवनसत्त्व के दिलं तर वाचतं.

आता गाईचं. उन्हाळ्यात फोन येतो, "डॉक्टर, गाय भिंत चाटते, हाडकं चघळते, वाळत घातलेलं लुगडं खाल्लं, काही बाहेरचं तर नाही?" बहुतेक वेळा फॉस्फरस कमी पडलेला असतो. नुसत्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्यावर, दुभती गाय ठेवली की होतं. दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच बघितलं : गुरं माळावरची हाडं चघळत, सडक्या हाडातल्या विषाने लुळी पडून मरत, आणि मूळ कारण चाऱ्यातला फॉस्फरसचा तुटवडा. गाईला रसायनशास्त्र येत नाही. एरवी जे हाड ती हुंगणार नाही, तेच तिला चाटावंसं वाटतं. खनिज मिश्रण सुरू केलं की काही आठवड्यांत भिंत सुटते आणि घरधनी भगताला दिलेला नारळ मोजतो.

दुसरं, कुटार. तुरीचं कुटार नवीन जनावर खात नाही म्हणून आपण त्यावर गूळपाणी किंवा ढेपेचं पाणी शिंपडतो, आणि पुढे कमी करत नेतो. जनावर "सवयीने" खातं म्हणतात. अमेरिकेत फ्रेड प्रोव्हेंझा आणि सहकाऱ्यांनी कोकरांना वास लावलेला पेंढा दिला आणि सोबत पोटात थेट स्टार्च सोडला. तोंडाला पेंढाच लागला, ताकद पोटाला मिळाली. नंतर कोकरं त्याच वासाचा पेंढा निवडू लागली. म्हणजे गार्सियाचा उलटा डाव. पोट बिघडलं तर चव उतरते, पोटाला पावलं तर चव चढते.

---

कुटारवाला | शनिवार, रात्री १०.०२

होय ताई, पायरी गाळली. दुकानदाराने सांगितली होती, मला घाई होती.

डॉक्टर, तुमच्या खनिज मिश्रणावरून मीठ आठवलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारट. बायको अचलपूरकडची, गोड्या पाण्यावरची. लग्नानंतर पहिला महिना तिला चहा घशाखाली उतरला नाही, रडायची. आता माहेरी गेली की म्हणते आईचं वरण अळणी लागते. सासूबाईंच्या हातात काही फरक नाही. आणि माझ्या बापूंना साखरेचा आजार, तरी कोठीमागे गुळाचा खडा लपवतात. विचारलं तर म्हणतात, "गोड लागत नाही रे पहिल्यासारखा, पण हात जाते." हे काय आहे?

---

रानवेल | रविवार, सकाळी ११.४५

"गोड लागत नाही पण हात जाते." बापूंनी एका वाक्यात सांगितलं ते केंट बेरिज यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं.

ज्या उंदरांच्या पिल्लांत जन्मतः डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक निरोप्या रसायन, तयार होत नाही, ती काही आठवड्यांत उपाशी मरतात. तोंडात घातलं तर गिळतात, गोड ओळखतात, साध्या पाण्यापेक्षा गोड पाणी पसंत करतात. पण उठून ताटाकडे जात नाहीत. डोपामिन गोडी देत नाही, ते पायांना चालतं करतं.

आणि ते खाण्याच्या वेळी येत नाही, आधी येतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांना दिवा लागल्यावर रस मिळे. सुरुवातीला रस आला की त्या पेशी उसळत. माकड शिकल्यावर दिवा लागताच उसळू लागल्या, रसाला थंड. दिवा लागून रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही खाली गेल्या. एसटी स्टँडवर आलुबोंड्याचा घाणा कढईत पडतो, तो चर्रर्र आवाज म्हणजे आपला दिवा. पहिल्या घासाला कळतं की तेल जुनं आहे, तोवर पैसे देऊन झालेले असतात.

मिठावर लिहिते, कारण सगळ्यात अजब तेच आहे. १९४० मध्ये अमेरिकेत साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापून आली. तो मूठमूठ मीठ खायचा. दवाखान्यात त्याला ठरलेला साधा आहार दिला आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होत्या, शरीर मीठ धरून ठेवत नव्हतं. जिभेच्या हट्टावर तो पोर इतके दिवस जगला होता.

आणि २०१३ मधला रॉबिन्सन-बेरिज यांचा प्रयोग. दोन दांडे. एक बाहेर आला की तोंडात साखरपाणी, दुसरा आला की मृत समुद्राइतकं खारं पाणी. उंदीर दुसऱ्या दांड्यापासून अक्षरशः पाठ फिरवून भिंतीला चिकटत. मग औषध देऊन त्यांच्या शरीरातलं मीठ कमी केलं. आयुष्यात त्यांना मिठाची भूक कधी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोच दांडा बाहेर आला, पाणी अजून आलेलं नाही, एक थेंब चाखलेला नाही, आणि उंदीर झेप घेऊन दांडा चावू लागले! म्हणजे मेंदू जुन्या अनुभवाची नुसती नोंद वाचत नाही. त्या क्षणाची शरीराची गरज बघून त्याच चवीचा भाव नव्याने काढतो. बाजार समितीत कालचा सौदा आज चालत नाही, तसं.

हा भाव काढणारा एक भाग डोळ्यांच्या खोबणीच्या वर आहे. माकडाला एका रसाने पोटभर केलं की इथल्या त्या रसाच्या पेशी शांत होतात, पण दुसऱ्या खाण्याला तशाच तडफेने जागतात. इन्सुलातल्या पेशी मात्र दोन्ही वेळा सारख्याच बोलतात. चव तीच, भाव उतरला. रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन पोट टम्म झाल्यावरही जिलबीला जागा निघते, ती पोटात नाही, इथे निघते.

वहिनींचं सोपं आहे. मीठ कमी केलेल्या लोकांना दोन-तीन महिन्यांत कमी मीठच बरं वाटू लागतं, हे १९८२ मध्येच दाखवलंय. त्यांच्या बाबतीत काटा उलट्या बाजूला सरकला.

---

मोहफूल | रविवार, रात्री ८.१५

गडचिरोलीकडून. आमच्याकडे पावसाळ्यात वास्ते खातात, बांबूचे कोवळे कोंब. कच्चे कडूजहर, आणि ते कडूपण फुकटचं नाही, त्यात सायनाईड सोडणारं द्रव्य असतं. उकळून पाणी फेकावं लागतं. बदलून आलेला माझा सहकारी पहिल्या वर्षी वासानेच उठून गेला. तिसऱ्या वर्षी डबा उघडला की आधी त्याचा हात. कोणी शिकवलं नाही, चार जण मिटक्या मारत खातात ते बघून आणि दुसऱ्या दिवशी पोट ठीक राहिलं म्हणून.

---

मुळामुठा | रविवार, रात्री ९.००

म्हणजे माझ्या शुगर-फ्री चहाने मन का भरत नाही, त्याचं उत्तरही इथेच कुठेतरी आहे का?

---

गोठ्यातला_डॉक्टर | रविवार, रात्री ९.४८

आहे. २००८ मध्ये आयव्हान दी अराउजो यांनी असे उंदीर घेतले ज्यांना गोड चव कळतच नव्हती. साखरपाणी आणि साधं पाणी त्यांच्या जिभेला सारखंच. तरी काही दिवसांत ते साखरपाण्याच्या बाजूने जाऊ लागले. आतड्यात साखर पोचली की तिथल्या पेशी व्हेगस मज्जातंतूतून वर कळवतात. तुमची गोळी जिभेला फसवते, आतड्याला नाही. आतडं म्हणतं, माल आलाच नाही. (साखर सुरू करा असं मी म्हणत नाहीये. मी ढोरांचा डॉक्टर आहे, हे लक्षात असू द्या.)

---

बुढ्याचा_नातू | रविवार, रात्री १०.१०

म्हंजे जीभ नुसती कोतवाल, दवंडी पिटनारी. निकाल लावनारा पाटील वर बसून हाय, अन् त्याले पोटातून चुगल्या लावनारे वेगळेच. बुढ्याले सांगतो.

---

कुटारवाला | पुढचा सोमवार, रात्री ११.३०

आठ दिवसांचा हिशेब देतो.

बायकोने धागा वाचला आणि परवा मुद्दाम सांबारवडी केली. म्हणे आता कारण कळलं ना, खा. चौथा भाग तोडला, तोंडात ठेवला. खोबरं कळलं, खसखस कळली, सांबार कळला, सगळं चांगलं होतं. गिळायच्या वेळी घसा बंद. न्हाणीत जाऊन थुंकलो. ती म्हणाली, "तुमचा बी कान फाटला आहे."

उंदरांसाठी जागा बदलली. जुनं पान, जुना भरडा सगळं पुरलं. कोठीच्या मागे, ताज्या मक्याचा भरडा, गोडंतेल, औषध काही नाही. पहिल्या रात्री कोणी शिवलं नाही. दुसऱ्या रात्री कडेकडेने थोडा उकरलेला. तिसऱ्या रात्री लाल टॉर्च घेऊन बसलो. आधी एक लहान आला आणि खाऊन गेला. त्याच्या मागून फाटक्या कानाचा. कोठीच्या कडेला लहानग्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं, ताई, तुम्ही लिहिलं तसंच! मग भरड्यावर बसला आणि पुढचे दोन्ही हात भरून खाल्लं.

आज चौथी रात्र. ब्रोमाडिओलोनची पुडी माझ्या हातात आहे. आत्ता आईने आतून विचारलं, "आज टाकतोस का रे औषध?"

मी तोंडावर बोट ठेवलं.